साल्सा की बचाटा? आधी टाळी वाजवून बघ

प्रश्न:

ताई, माझं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. विधी सकाळी, संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर रिसेप्शन. होणारा नवरा पुण्यात नोकरीला आहे, तिथे सहा महिने साल्साच्या क्लासला जायचा. रिसेप्शनला आमचा फर्स्ट डान्स साल्साच हवा असं त्याचं म्हणणं. मी आयुष्यात एकदाच नाचले आहे. शाळेच्या गॅदरिंगला, कोळीनृत्यात, तेही मागच्या रांगेत. कोरिओग्राफरने चार गाण्यांची मेडली सुचवली आहे. साल्सा, बचाटा, टँगो आणि शेवटी मला उचलून गरकन फिरवायची स्टेप! मैत्रिणी म्हणतात बचाटा कर, सोपा असतो. मोबाइलवर बचाटाचे व्हिडिओ पाहिले आणि घाम फुटला. हे आजीसमोर करायचं? त्याची आजी सिन्नरला असते, ऐंशीच्या पुढची आहे. तिने आधीच विचारलंय, "हे चिकटून नाचणं आपल्यात कधीपासून?" मला गाणं मराठी हवंय, त्याला स्पॅनिश. सात आठवडे उरलेत आणि तो शनिवार-रविवारीच नाशिकला येतो. कुठला नाच, कुठलं गाणं? की सरळ नकोच म्हणू?

– मागच्या रांगेतली, इंदिरानगर

उत्तर:

मागच्या रांगेतले,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वाचताना तुझी खरी धास्ती कळली. त्याला येतं, मला येत नाही. चार-पाचशे माणसांसमोर तो नाचेल आणि मला नुसतं इकडून तिकडे फिरवलं जाईल. बरोबर ना? मग कुठला नाच सोपा, एवढंच सांगून तुझं काम व्हायचं नाही. सगळ्यात सोपा नाच निवडलास तरी तो सहा महिने पुढेच असणार.

नको म्हणू नकोस. पण त्या मेडलीला आजच्या आज नाही म्हण. चार गाणी म्हणजे चार लयी, आणि नवख्या माणसाची फजिती होते ती लय बदलते त्या जागी. मधल्या दोन सेकंदांत पुढचं गाणं सुरू झालेलं असतं आणि पाय मागच्याच गाण्यात असतात. उचलायच्या स्टेपबद्दल तर काही बोलूच नको. सकाळपासून उपाशी नवरी, जरीची साडी, आणि सहा महिन्यांच्या क्लासवर भिस्त ठेवलेला नवरा!

टँगोचंही तसंच. तो ब्यूनोस आयर्सकडचा, देखणा आणि भयंकर अवघड. गंमत म्हणजे बॉलरूमच्या स्पर्धांमध्ये टँगो लॅटिन गटात धरतच नाहीत. तिथल्या लॅटिन गटात सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह एवढे पाच. साल्सा आणि बचाटा त्यात नाहीत, ते क्लबात आणि घरच्या समारंभात वाढलेले नाच. हे सांगायचं कारण असं, की "आम्ही लॅटिन शिकवतो" असं कोणी म्हटलं तर यातलं नेमकं काय शिकवणार ते आधी विचार. एका शब्दाखाली दोन वेगळी दुकानं चालतात.

आता गाण्याकडे. सगळे आधी नाच ठरवतात आणि मग त्याला गाणं शोधत बसतात. तू उलटं कर, आधी गाणं धर. क्युबात एन्रिके होरीन नावाचे व्हायोलिनवादक आणि संगीतकार होते. हवानाच्या नृत्यगृहांत वाजवताना त्यांच्या लक्षात आलं, की त्या काळच्या संगीतातले उलटसुलट आघात सामान्य नाचणाऱ्यांना पकडता येत नाहीत, पाय अडखळतात. त्यांनी लोकांना दोष दिला नाही. चालच सरळ केली, आघात ठळक ठेवले. त्यातून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला चा-चा-चा जन्माला आला, आणि फरशीवर घासणाऱ्या पायांचा जो आवाज यायचा तेच त्याचं नाव झालं. माणसांचे पाय अडखळतात म्हणून खुद्द संगीतकार गाणं बदलतो, मग आपण गाणं निवडताना पायांना विचारायला काय हरकत आहे?

तर आज रात्रीची जेवणं झाली की स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहा आणि तुझं आवडतं मराठी गाणं लाव. शब्द सोड, तबला नाहीतर ढोलकी ऐक. ठेका जिथे जोरात येऊन टेकतो तिथे टाळी वाजव आणि पुढच्या टाळीपर्यंत मोज. "धा धी ना, धा ती ना" असं सहाला वर्तुळ पुरं होत असेल तर तो दादरा. आपली कितीतरी गोड भावगीतं दादऱ्यात आहेत आणि त्यांच्यावर लॅटिन नाच बसत नाही. कितीही मारून मुटकून बसव, दर ओळीला पाय हवेत राहतात. तसलं गाणं वॉल्ट्झला, म्हणजे तीन-तीनच्या मोजणीवरच्या युरोपी नाचाला, चालेल. "धा गे ना ती, ना क धी ना" असं आठाला फिरत असेल तर तो केरवा, आणि तुझं निम्मं काम झालं. साल्सा, बचाटा, रुंबा सगळे चार-आठाच्या हिशेबात चालतात. बचाटाचे आठ काउंट आणि केरव्याच्या आठ मात्रा एकमेकींच्या मावसबहिणी म्हणायला हरकत नाही.

ठेका आठाचा निघाला की वेग काढ. घड्याळ समोर ठेवून पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोज आणि चाराने गुण. पंचवीसच्या आसपास ठोके, म्हणजे मिनिटाला शंभर, तर ते रुंब्याचं गाणं. तीस ते पस्तीस, म्हणजे मिनिटाला एकशे वीस ते एकशे चाळीस, तर बचाटाचं. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे गेलीस की साल्साचा मुलूख लागतो.

हा मुलूख सात आठवड्यांत तुझा नव्हे. साल्सात आठ ठोक्यांत सहा पावलं टाकायची. एक-दोन-तीन, चारला थांबायचं, पाच-सहा-सात, आठला थांबायचं. ऐकायला सोपं आहे. पण मिनिटाला एकशे ऐंशी ठोक्यांचं गाणं असेल तर ही सहा पावलं पावणेतीन सेकंदांच्या आत पडायला हवीत, आणि नवखा माणूस हमखास चारच्या थांब्यावर पाऊल टाकून मोकळा होतो. एकदा ते झालं की पुढचं सगळं गाणं पाय एकीकडे आणि संगीत दुसरीकडे. सात आठवडे म्हणजे तुमचे चौदा दिवस. त्यातले चार केळवणात जाणार, दोन पत्रिका वाटण्यात, एक येवल्याला पैठणी घेण्यात. राहिले सात. सात दिवसांत साल्सा येतो असं सांगणाऱ्याकडून पावती घेऊन ठेव.

म्हणून रुंबा किंवा बचाटा. कुठला ते तुझ्या गाण्याचा वेगच ठरवेल.

रुंबा आधी सांगते, कारण मला तो जास्त आवडतो. क्युबातला मूळचा रुंबा म्हणजे ढोल-काँगांच्या तालावरचा रस्त्यावरचा, अंगणातला नाच. बॉलरूमवाल्यांनी नाव उचललं, पण त्यांची संथ चाल बोलेरो आणि सोन या क्युबाच्याच गाणाऱ्या-नाचणाऱ्या परंपरांतून आली. तुला लागणार त्यातला फक्त चौकोन. घरातल्या एका फरशीच्या चार कोपऱ्यांवर तो शिकता येतो. त्याचा डावा पाय पुढे, तुझा उजवा मागे, हे हळू, म्हणजे दोन ठोके. मग दोघांनी बाजूला एक पाऊल आणि पाय जुळवायचे, ही दोन्ही पटकन, एकेक ठोका. हळू, पटकन, पटकन. मग उलट दिशेने तेच. चौरंगाच्या चार पायांभोवती फिरल्यासारखं. यात ठोका चुकला तरी बघणाऱ्याला कळत नाही, हा रुंब्याचा मोठेपणा.

बचाटा याहून हलका. एक-दोन-तीन बाजूला, चारला पाय नुसता टेकवायचा आणि कंबर किंचित वर. पाच-सहा-सात परत, आठला टेकव. बस्स. गाण्यातही खूण मिळते. बचाटात गुइरा नावाचं वाद्य असतं, खिळ्याने टोचून खरबरीत केलेला पत्र्याचा नळकांडा. किसणीवर चमचा घासावा तसा त्याचा चिक-चिक आवाज सतत चालू असतो. पाय हरवला की तो आवाज धरायचा.

तू जे व्हिडिओ पाहून घामाघूम झालीस, ती बचाटाची अलीकडची, स्पेनमध्ये वाढलेली शाखा. अंगाला अंग लावून लाटांसारखं झुलायचं, मान मागे टाकायची. इंटरनेटवर तीच जास्त दिसते. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या मूळ बचाटात पायांची कारागिरी असते, आणि दोघांमध्ये हातभर अंतर ठेवून तो खुशाल नाचता येतो. त्या देशात १९६१ मध्ये हुकूमशहा त्रुहियो मारला गेला आणि पुढच्या वर्षी बचाटाची पहिली ध्वनिमुद्रणं निघाली. त्यानंतर कित्येक वर्षं तिथल्या शिष्ट मंडळींनी या संगीताला घरात घेतलं नाही. दारूच्या गुत्त्यातली गाणी म्हणून हिणवलं. तमाशाच्या फडाबद्दल आपले आजोबा-पणजोबा जे बोलायचे, थेट तीच भाषा. २०१९ मध्ये याच बचाटाला युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली.

हे आजींना ऐकवायला जाऊ नकोस मात्र. त्यांना युनेस्कोशी काही घेणं नाही. त्यांना फक्त चिकटणं नकोय, आणि त्यांचं चूक आहे असंही मी म्हणणार नाही. रुंबा असो की बचाटा, दोघांनी समोरासमोर उभं राहून फक्त हात धरून तो होतो. सकाळी कन्यादानात सगळ्यांच्या देखत जो हात हातात दिला, संध्याकाळी तोच धरायचा. त्यात चिकटणं कुठे आलं?

उलट आजींच्या लहानपणीचं एक गाणं त्यांना ऐकव. १९५१ चा 'अलबेला', भगवानदादांचा. त्यातलं 'शोला जो भडके' लाव आणि बोंगो ऐक. लॅटिन ठेका सत्तरेक वर्षांपूर्वीच आपल्या घरात शिरलाय, आणि तो आणणारे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, कुठले? पुणतांब्याचे. सिन्नरहून शिर्डीच्या अंगाने गेलं की पुढे पुणतांबा. बोंगो, सॅक्सोफोन, ट्रम्पेट सगळं त्यांनी हिंदी गाण्यात बसवलं आणि लोक थिएटरात नाचले. आजी नाचल्या नसतील, पण गुणगुणल्या असतीलच.

आता तुमचं भांडण. तुला मराठी, त्याला स्पॅनिश. यात मी तुझ्या बाजूने आहे. प्रेमापोटी नव्हे, हिशेबापोटी. स्पॅनिश गाणं घेतलंत तर पावलंही त्याला माहीत, गाणंही त्यालाच माहीत. तू दोन्हीकडे पाहुणी. मराठी गाणं घेतलंत तर त्याला पाय माहीत आणि तुला गाणं. अंतरा कुठे सुरू होतो, बासरीचा तुकडा किती लांबतो, गायिका कुठल्या शब्दावर रेंगाळते, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. त्याला नाही. मग पहिल्याच शनिवारी तू त्याला सांगणार, "आता थांब, इथे तबला सुटतो, इथे वळायचं नाही." आणि तो ऐकणार. मागच्या रांगेतली पुढे येते ती अशी. लॅटिन नाचात पुरुष वाट दाखवतो हे खरं, पण दोघांच्याही वर गाणं असतं, आणि ते तुझ्या खिशात आहे.

त्याला स्पॅनिश गाणं नाही असं नाही. तुमचा नाच संपला की लगेच ते लावा आणि सगळ्यांना नाचायला बोलवा. त्याचे पुण्याचे क्लासमित्र येणार असतील तर त्यांच्याबरोबर तो दोन मिनिटं मनसोक्त साल्सा करू दे. तू खुर्चीत बसून पन्हं पी. खरंच सांगते, तेव्हा तुला त्याचा नाच आवडेल, कारण तुझे पाय त्यात अडकलेले नसतील.

फक्त गाणं त्याने निवडलं तरी अर्थ तू तपास. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याला ओढत नाचाच्या क्लासला नेलं होतं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं मोठ्या थाटात 'किसास, किसास, किसास' या क्युबन बोलेरोवर नाचलो. ओस्वाल्दो फार्रेस यांचं १९४७ चं गाणं, चाल अशी की पाय आपोआप सरकतात. नाच झाल्यावर नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका स्पॅनिश येणाऱ्या मुलीने विचारलं, "काकू, हेच गाणं का घेतलंत?" किसास म्हणजे कदाचित. कधी, कसं, कुठे, असं तो विचारत राहतो आणि उत्तर येतं, कदाचित, कदाचित, कदाचित. पंचवीस वर्षांनंतर! नवरा अजूनही भाजी आवडली का विचारलं की "किसास" म्हणतो.

बचाटाच्या गाण्यांत हा धोका जास्त. या संगीताचं जुनं टोपणनावच कडवटपणाचं होतं. फसवणूक, ताटातूट, सोडून गेलेली बाई, रिकामी बाटली. चाल मात्र इतकी गोड की आपल्याला वाटतं प्रेमाचं चाललंय. आव्हेंतुरा या गटाचं २००२ मधलं गाजलेलं 'ओब्सेसिऑन' घे. त्यात ती त्याला सांगते की तुला वाटतंय ते प्रेम नाही, हे झपाटलेपण आहे. वरमाला घालून बारा तास झाले नाहीत तोवर हे?

त्याला बचाटाच हवा असेल तर डॉमिनिकन गायक हुआन लुइस गेरा यांचं 'बचाटा रोसा' सुचव. १९९० च्या, त्याच नावाच्या अल्बममधलं. सुरुवातीलाच तो म्हणतो, तुला एक गुलाब देतो, वाटेत सापडला. पुढेही असंच, काही ना काही देत राहतो, वाकडं काही नाही. आणि ज्या गावाला मोगलाईत गुलशनाबाद म्हणत, त्या गावात गुलाबाच्या गाण्यावर नाचायला कोणाची ना नसावी.

आता अंगावरच्या कपड्यांचं. रिसेप्शनला काय नेसणार ते तू लिहिलं नाहीस, पण नाचावर त्याचा परिणाम गाण्याइतकाच होतो. कॅनकॅन लावलेला लेहंगा असेल तर त्याला तुझे पाय दिसणार नाहीत आणि तो पहिल्या मिनिटात घेरावर पाय देईल. सहावारी पैठणीत पाऊल वीतभरच पडतं, म्हणून रुंब्याचा चौकोनही तेवढाच छोटा ठेवायचा. सगळ्यांत सोयीची नऊवारी. कासोटा घातला की गुडघे मोकळे. कोळीनृत्य तू नऊवारीतच केलं असशील, आठवून बघ.

आणि चुडा. याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. तुझ्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असतील. गिरकी देताना नवीन माणूस मनगट पकडतो. मनगट पकडलं की बांगड्या चेपतात, त्यातली एक तरी फुटते आणि काच पोरीच्याच हातात जाते. लग्नाच्या दिवशी चुडा फुटला की आजी काय म्हणतील ते वेगळंच. त्याला आजपासून सवय लाव, गिरकीला फक्त बोटं. त्याने दोन बोटं खाली लोंबती ठेवायची आणि तू त्यांच्यावर आपली बोटं अडकवायची, खुंटीवर पिशवी अडकवतात तशी. हात तुझ्या डोक्यावर जातो, तू खालून फिरतेस, बोटं आपोआप फिरतात. क्लासात त्याला हे शिकवलेलं असणारच, पण क्लासात कोणी चुडा घालून येत नाही. तालमीला दोन डझन साध्या काचेच्या बांगड्या घालून बघ, म्हणजे त्याची पकड लगेच कळेल.

जागेचं सांगायचं तर लॉन्सवरची हिरवळ ही नाचायची जागा नाही. डिसेंबरात नाशिकची थंडी तुला मी काय सांगू, पारा दहाच्या आसपास येतो आणि आठ-साडेआठला गवतावर दव पडायला लागतं. माझ्या भाच्याच्या रिसेप्शनला नवरीची टाच गवतात रुतली आणि चप्पल तिथेच राहिली. ती बिचारी एका पायाने पुढे. स्टेजवरच्या जाड गालिच्यावर पाय रुतत नाहीत, पण फिरतही नाहीत. पाऊल अडकतं आणि गुडघा फिरतो, ते जास्त वाईट. मंडपवाल्याला सांगून बारा बाय बाराचा लाकडी फळ्यांचा प्लॅटफॉर्म मागून घे, वर गालिचा नको. रुंब्याला आणि बचाटाला एवढी जागा रग्गड. तालमीतही तीच चप्पल घाल. टाच दोन इंचांहून उंच नको, आणि मागे पट्टा हवाच.

डीजेला गाणं "यूट्यूबवरून लाव" असं सांगायचं नाही. त्याच भाच्याच्या वेळी डीजेने गाण्याचं रीमिक्स लावलं होतं, मूळ गाण्याच्या सव्वापट वेगाचं. पोरं तालीम केलेल्या गाण्यावर नाचत होती आणि स्पीकर दुसरंच काहीतरी वाजवत होता. तुम्ही ज्या फाइलवर सराव केला तीच, हवी तिथे कापून, पेनड्राइव्हवर द्या आणि दुपारी त्याच्या सिस्टिमवर एकदा वाजवून घ्या. गाणं अडीच मिनिटांहून लांब नको. सुरुवातीला आठ-सोळा ठोक्यांचं नुसतं वाद्यसंगीत असेल तर उत्तम, तेवढ्यात हात धरून श्वास घेता येतो. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम, आणि आपल्याकडे स्टेजवर फोटोची रांग लागली की दहा कधी वाजले कळत नाही. आधी नाच, मग रांग. साडेसात-आठला उरकून टाका, दवाचा प्रश्नही सुटेल.

सरावाचं फार अवघड नाही. तुळशीचं लग्न लागेपर्यंत नाचायचंच नाही, फक्त चालायचं. रोज दहा मिनिटं, गाणं लावून, एकटीने, घरात. हळू-पटकन-पटकन किंवा एक-दोन-तीन-टेक. भांडी विसळताना पाय चालू राहिले की समज आलं. तो पुण्यात, तू इथे, तरी दोघांनी एकाच गाण्यावर रोज चालायचं. शनिवारी तो आला की हात धरायचे. पुढे दोन गिरक्या, एक तुझी आणि एक तुम्हा दोघांची मिळून, आणि शेवटी गाणं जिथे संपतं तिथे थांबायचं. याहून जास्त घालू नका. कोरिओग्राफरचे पैसे देऊन झाले असतील तर त्याच्याकडून एवढंच करून घ्या. तो कुरकुरेल, कारण व्हिडिओत त्याचं नाव झळकायला चार गाणी बरी दिसतात. कुरकुरू दे.

आणि सगळ्यात शेवटी, त्याच्या स्पॅनिश गाण्यानंतर, एक मेरेंगे लावा. हाही डॉमिनिकन, पण त्यात शिकण्यासारखं काहीच नाही. डावा, उजवा, डावा, उजवा, ठोक्याला एक पाऊल, जागच्या जागी चालल्यासारखं. नाशिक ढोलावर वरातीत जी माणसं बेधडक उतरतात, ती सगळी यात उतरतील. मामा, मावश्या, तुझ्या शाळेतली पुढच्या रांगेतलीसुद्धा. त्या वेळी त्याला आजींकडे पाठव. उठवायचं नाही, खुर्चीसमोर नुसतं उभं राहून हात पुढे करायचा. ठोका चालू असतो, गुडघे दुखत असले तरी बसल्या बसल्या पाय हलतोच. माझ्या सासूबाईंचा हलला होता.